हाडांची घनता आणि तिची मापपट्टी

पावसाळ्यात कोकणातील जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. केळशीसारख्या गावात विहिरीकडे जाताना साठीची बाई घसरते, सावरण्यासाठी हात टेकते आणि मनगट मोडते. वीस वर्षांची मुलगी त्याच पायरीवर तशीच पडली, तर बहुधा खरचटण्यावर निभावते. मनगटाच्या या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये केले. क्ष-किरणांच्या शोधाला तेव्हा ८१ वर्षे अवकाश होता.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे का विरळ होतात, याचा उलगडा अमेरिकेतील फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास केला. पण या विकाराची, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची, खोड अशी की हाड मोडेपर्यंत तो दुखत नाही. साध्या क्ष-किरण चित्रात तो दिसू लागतो तोवर सुमारे एकतृतीयांश खनिज निघून गेलेले असते. शिवाय चित्र गडद आले की फिके, हे हाडाइतकेच फिल्मवर आणि यंत्रावरही अवलंबून असते. म्हणून १९३० च्या दशकात हाताशेजारी अ‍ॅल्युमिनियमची पायऱ्यापायऱ्यांची पाचर ठेवून चित्र घेत आणि हाडाची छटा कोणत्या पायरीशी जुळते ते पाहत. युक्ती नामी होती, पण पुरेशी नेमकी नव्हती.

खरी कलाटणी १९६३ मध्ये मिळाली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी फिल्म बाजूलाच ठेवली. किरणोत्सारी आयोडीनमधून निघणारा बारीक झोत हाताच्या हाडातून आरपार सोडायचा आणि पलीकडे किती किरण पोहोचले ते मोजायचे. जितके खनिज जास्त, तितके कमी किरण पलीकडे. मात्र भोवतालचे मांसही किरण शोषते. हात पाण्यात बुडवून एकूण जाडी सारखी करता येते. कंबर किंवा मणका कसा बुडवणार?

त्यावरचा उपाय नववीच्या बीजगणितातला आहे. हाड आणि मांस अशा दोन अज्ञात राशी असतील, तर दोन समीकरणे हवीत. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडले की ती मिळतात, कारण ऊर्जा बदलली की हाडाचे आणि मांसाचे शोषण वेगवेगळ्या प्रमाणात बदलते. सुरुवातीला यासाठी किरणोत्सारी गॅडोलिनियम वापरत. पण त्याचे तेज महिन्यागणिक घटे. १९८७ च्या सुमारास त्याची जागा क्ष-किरण नळीने घेतली आणि आजचे डेक्सा यंत्र तयार झाले. त्यात मिळणारी किरणांची मात्रा छातीच्या एका क्ष-किरण चित्राहूनही कमी असते.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. यंत्र ज्याला घनता म्हणते ती घनता नव्हेच! ते खनिजाचे वस्तुमान सावलीच्या क्षेत्रफळाने भागते; एकक येते ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. एकाच पदार्थाचे दोन घन घ्या, एकाची बाजू १ सेंटिमीटर, दुसऱ्याची २. खरी घनता सारखीच; पण या यंत्राच्या हिशेबाने दुसऱ्याची दुप्पट भरते. म्हणजे लहान चणीच्या माणसाचे हाड निरोगी असूनही यंत्रात कमी भरू शकते.

मापपट्टीचा प्रश्न याहून नाजूक. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ठरवले की तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलन किंवा त्याहून खाली असलेली घनता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ही सीमा गोऱ्या, रजोनिवृत्त स्त्रियांच्या माहितीवरून आखलेली होती आणि मांडीच्या हाडासाठी तुलनेला पुढे घेतल्या गेल्या त्या अमेरिकेतील विशीच्या गोऱ्या तरुणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय तरुण स्त्रीपुरुषांची मापे प्रसिद्ध केली. ती पाश्चात्त्यांहून कमी भरली. यातला किती भाग चणीचा आणि किती खरोखर दुबळ्या हाडाचा, हा वाद शिल्लक आहेच. टाच यंत्रात ठेवून स्वनातीत ध्वनीने तपासणारी शिबिरे गावोगाव भरतात. तिथल्या चिठ्ठीवरचा उणे आकडा वाचून बायका घाबरतात. १९९४ ची सीमा टाचेच्या त्या तपासणीला लागू नाही, हे चिठ्ठीवर सहसा छापलेले नसते.

दुबळेपणाचे मूळ कुठे, याचा एक धागा पुण्याजवळ सापडला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराची नोंद ठेवली. त्यांची सुमारे ७०० मुले सहा वर्षांची झाल्यावर डेक्सावर तपासली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या अशा कॅल्शियमयुक्त पदार्थांचे सेवन ज्या आयांनी अधिक वेळा केले, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती. कोकणात पूर्वी रोजच्या जेवणात असलेल्या नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. भात घरोघर वाढला तशी ती ताटातून मागे पडली, ही हळहळण्याजोगी गोष्ट खरी.

डेक्सा यंत्र गावोगाव पोहोचणारे नाही. म्हणून शेफील्ड येथील जॉन कॅनिस यांच्या गटाने २००८ मध्ये वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांचा खुब्याचा अस्थिभंग अशा प्रश्नांवरून धोका काढण्याची रीत दिली. तिला घनतेचा आकडा नसला तरी चालते. त्याहून साधी खूण उंचीची. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटरने घटली असेल, तर पाठीचा मणका दबल्याचा संशय घ्यावा. त्यासाठी शाळेच्या भिंतीवरची पट्टी पुरते. पंचविशीतली उंची मात्र कुठेतरी लिहिलेली असावी लागते, आणि गावातल्या साठीच्या बायकांची ती बहुधा कोणी कधी मोजलेलीच नसते.