शाळेच्या वाटेवरचं घर

गेल्या वर्षी नातेपुत्यात घरासाठी जागा पाहायला लागलो आणि दोन जागांपाशी येऊन अडलो. एक आमच्याच रानातली, कॅनॉलच्या कडेची. विहीर आहे, गोठा आहे, जागेला पैसे पडणार नव्हते. दुसरी गावात, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. जेमतेम तीन गुंठे, आणि तेवढ्यासाठीही कर्ज काढावं लागणार होतं. वडील म्हणाले, "पाणी बघून घर बांधावं." बायको म्हणाली, "पोरगी सहा वर्षांची, पोरगा तीन वर्षांचा. शाळा बघून बांधू." दोघांचंही खरं होतं. विचार करता करता लक्षात आलं, की आमच्या तालुक्यात हा वाद शंभर वर्षं चाललेला आहे.

माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला. पूर्वी माणसं गावठाणात भिंतीला भिंत लावून राहायची. चोरीमारीचं भय, पाण्याचा आड गावात, अडीनडीला शेजार. रानात फक्त राखणीची खोपट असायची. १९२० ते ३० या दशकाच्या अखेरीस भाटघरचं धरण झालं. नीरेचा उजवा कालवा फलटणकडून आमच्या भागात आला आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाला रात्री-अपरात्री पाण्याची पाळी धरावी लागते. गावात झोपून ते होत नाही. म्हणून माणसं मळ्यात राहायला गेली आणि वस्त्या झाल्या. याच पाण्याच्या ओढीनं सासवडचे माळी शेतकरी अकलूजजवळ येऊन वसले. १९३२ साली त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली आणि त्या वसाहतीचं नाव माळीनगर पडलं.

घर पाण्याजवळ गेलं, पण शाळेपासून लांब गेलं. आमच्या घरात याचा भार आत्यानं सोसला. ती वडिलांची थोरली बहीण. १९६० नंतरच्या दशकातली गोष्ट. वस्तीपासून शाळा पाच-सहा किलोमीटर, मध्ये ओढा, दोन्ही बाजूंना उंच ऊस. चौथीनंतर तिची शाळा सुटली. वडिलांना मात्र फलटणला पाहुण्यांकडे ठेवून शिकवलं. "लांब पडत होतं म्हणून ती शिकली नाही," असं घरात सांगतात. मलाही ते बरेच दिवस पटत होतं. पण अंतर तर दोघांनाही सारखंच होतं.

घर हलवता येत नाही आणि शाळा जवळ नाही, अशा मुलांचं काय करायचं, याचं एक उत्तर आपल्याच भागात शोधलं गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ज्यांना शाळेजवळ घर करता येत नव्हतं, त्यांच्यासाठी या जोडप्यानं शाळेजवळ दुसरं घर उभं केलं.

दुसरं उत्तर रामजी सकपाळ यांचं. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस दापोलीहून साताऱ्याला आला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचं, भीमरावांचं, नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. पुढे त्यांनी मुंबईत परळच्या डबक चाळीत बिऱ्हाड केलं आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं. एकच खोली. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथंच. पहाटे दोनला मुलाला उठवायचं म्हणून बाप तोवर जागा राहायचा. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. घर पाहताना आपण किती खोल्या, किती फूट असं मोजतो. त्या एका खोलीत मुलाला अभ्यासाला निवांत वेळ कसा मिळेल, एवढंच रामजींनी पाहिलं.

सरकारनंही पुढे शाळाच घराजवळ नेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे वस्तीशाळा निघाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत, असा दंडक आला. पण २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेच्या वर शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. कागदावरचा एक किलोमीटर किती टिकेल, याची धास्ती वस्तीवरच्या आईबापांना तेव्हापासून आहे.

म्हणून मी सातबारा पाहिला, शेजार पाहिला आणि त्याच्या आधी वाट पाहिली. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला दोन्ही जागांपासून शाळेपर्यंत चालून आलो. ज्ञानोबा माउलींची पालखी बरडहून नातेपुत्याला मुक्कामाला येते, तो हा रस्ता. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणानंतर वाहनांचा वेग फार वाढला आहे. रानातल्या घरातून मुलीला तो रोज दोनदा ओलांडावा लागला असता. शिवाय पहिलीची शाळा जवळ असून भागत नाही. पाचवीला कुठं, दहावीनंतर कुठं, एसटी किती वाजता, हेही विचारावं लागतं. मुलगी तेरा वर्षांची झाली की "लांब पडतं" हे शब्द घरात पुन्हा निघतात, हे मी ऐकून आहे.

आम्ही गावातली जागा घेतली. हप्ते जड जातात. पाण्यासाठी टाकी बांधावी लागली आणि त्यावरून वडील अजून बोलतात. त्यांचं चुकत नाही.

वास्तुशांतीला आत्या आली आणि चार दिवस राहिली. सोमवारी नातीला सोडायला मीच जाते म्हणाली. दोघी हात धरून निघाल्या, मी मागं. शाळेच्या फाटकाशी नात आत पळाली. आत्यानं वळून घराकडं पाहिलं. इथून आमचं छप्पर दिसतं.

"एवढंच व्हय अंतर?" ती म्हणाली.