देवाच्या पायाशी लिलाव

तीर्थक्षेत्री गेलेल्या माणसाच्या खिशाला कशी कात्री लागली, हा विषय निघाला की चार जणांत प्रत्येकाकडे एक तरी किस्सा असतोच. कुणाला संकल्प सोडायला लावून, पाणी हातावर पडल्यानंतर आकडा सांगितलेला असतो. कुणाला चप्पल ठेवायला जागा देऊन पन्नास रुपयांची पूजेची थाळी दोनशेला गळ्यात मारलेली असते. किस्से सांगून राग निवतो, पण हे असे का होते याचा उलगडा होत नाही. तो हवा असेल तर थोडे इतिहासात डोकवावे लागते, आणि त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. पंढरपूर पुरेसे आहे.

पंढरपूरच्या विठ्ठलाचे एक वैशिष्ट्य आपण सारे जाणतो. इथे दर्शन म्हणजे पायांवर डोके. राव असो, रंक असो, देवाच्या पावलांना कपाळ लावल्याशिवाय वारी पुरी होत नाही. मोठ्या देवळांत भाविक दुरून हात जोडतो आणि पैसे हुंडीत टाकतो. इथे तो थेट देवाच्या कुशीत शिरतो. ही फार मोठी, फार उदार परंपरा आहे. पण व्यवहाराच्या दृष्टीने तिचा अर्थ असाही होतो, की गाभाऱ्यात देवाशेजारी जो उभा आहे त्याच्या हाताच्या अंतरावरून प्रत्येक वारकरी जातो, आणि पैसे हुंडीत पडण्याऐवजी त्याच्या डोळ्यांदेखत पायांवर पडतात.

देवाशेजारी उभे राहण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांचा होता. विठ्ठल मंदिराचा कारभार बडव्यांकडे आणि रुक्मिणीचा उत्पातांकडे. त्यांच्याशिवाय विठ्ठलाचे सात सेवाधारी : पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे. पूजा करणारा वेगळा, मंत्र म्हणणारा वेगळा, चांदीची काठी घेऊन उभा राहणारा वेगळा, दिवटी धरणारा वेगळा. इतकी नेटकी कामाची वाटणी क्वचितच कुठे सापडेल. बडवे आणि सेवाधारी यांच्यातले तंटे ब्रिटिश अमलात कोर्टात गेले आणि कोर्टाने जुनी वहिवाट पाहून कोणाचा काय हक्क ते ठरवून दिले. इथे एक गोष्ट हळूच घडली. जी सेवा होती तिला मालमत्तेचे रूप आले.

मालमत्ता म्हटली की वाटण्या आल्याच. घराणी वाढली, वारस वाढले, हिस्से बारीक झाले. शेतीचे जसे तुकडे पडतात तसे उत्पन्नाचे पडू लागले. देवापुढे येणारे पैसे एवढ्या जणांत रोज मोजून वाटायचे कसे? त्यावर तोड निघाली ती लिलावाची. देवापुढे येणारे उत्पन्न घेण्याचा हक्क बडव्यांनी आपापसांत बोली लावून द्यायचा, बोलीची रक्कम सगळ्यांच्या हिश्शाप्रमाणे वाटून टाकायची आणि ज्याने बोली जिंकली त्याने त्याच्या पाळीत जे पडेल ते घ्यायचे.

आता हा हिशेब बघा. समजा, एकाने हजार रुपयांची बोली लावली. पाळी सुरू होण्याआधीच तो हजार रुपयांनी खाली आहे. संध्याकाळपर्यंत हजाराच्या वर काही सुटले तरच त्याच्या घरची चूल पेटणार. अशा वेळी समोर येणारा वारकरी त्याला वारकरी दिसेल का? तो त्याला वसुली दिसणार. ज्याने नारळ आणि चार आणे ठेवले त्याला लवकर पुढे ढकलायचे, ज्याच्या अंगावर चांगले कपडे आहेत त्याला थांबवून घ्यायचे, हे आपोआप आलेच. माणूस स्वभावाने सज्जन असला तरी ही पद्धत त्याला सज्जन राहू देत नाही. बोलीत जो जास्त वसूल करू शकतो तोच जास्त बोलू शकतो. म्हणजे कडक माणूस पुढे येणार आणि मऊ माणूस मागे पडणार, ही व्यवस्था लिलावाने स्वतःच करून ठेवली होती.

बडव्यांविषयीची तक्रार अर्थातच लिलावाहून जुनी आहे. चोखोबांच्या नावावरच्या अभंगांतही बडव्यांनी मारल्याची तक्रार येते. दाराशी उभा असलेला माणूस कोणाला आत घ्यायचे तेही ठरवत होता. अस्पृश्य मानलेल्यांसाठी हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. दार अडवण्याची आणि पैसे मागण्याची सत्ता एकाच हातात होती, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा परमुलखातून आलेल्या यात्रेकरूला क्षेत्रोपाध्याय हाच आधार होता. त्याच्याकडे उतरायला जागा, जेवणाची सोय, अडीनडीला उसने पैसे आणि आजारपणात पाहणारे कोणीतरी मिळे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, गया इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या खापरपणजोबांची नावे आजही सापडतात. यजमान आणि उपाध्याय यांचे नाते पिढ्यांचे असे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडायची असल्यामुळे त्याला काही मर्यादा होती. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोचली, पुढे एस.टी. आली. गर्दी वाढली, ओळख तुटली. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या अनोळखी माणसाला पुन्हा तोंड दाखवायचे नसते. त्यामुळे लाजेचा तो शेवटचा अटकावही गेला.

याची नेमकी जाण ज्या माणसाला होती तो शाळेत गेलेला नव्हता. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतः मात्र देवळात जाण्याच्या भानगडीत पडले नाहीत. गरीब यात्रेकरूला डोक्यावर छप्पर मिळाले की तो कोणाच्या तावडीत सापडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. नवस करू नका, कर्ज काढून यात्रा करू नका, हे ते कीर्तनात सांगत राहिले आणि बाहेर विटा रचत राहिले.

सरकारला जाग यायला बराच वेळ लागला. भाविकांच्या तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्र शासनाने १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग नेमला. आयोगाने १९७० मध्ये अहवाल दिला आणि भाविकांकडून होणारी पैशांची उकळणूक व त्यांना होणारा त्रास सरकारदप्तरी नोंदवला गेला. त्यावरून पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ झाला. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क या कायद्याने रद्द केले, त्यांना भरपाईची तरतूद केली आणि कारभार समितीकडे सोपवला. प्रकरण लगेच कोर्टात गेले. १९८५ मध्ये समितीच्या हाती कारभार आला, तरी हक्कांचा वाद चालूच राहिला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला. अहवालापासून निकालापर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली. आयोगाच्या वेळी आईच्या कडेवर बसून दर्शनाला आलेले मूल तोवर स्वतः वडीलधारे होऊन वारीला येऊ लागले होते. त्याच वर्षी समितीने पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.

मग प्रश्न सुटला का? वंशाचा हक्क संपला, हे खरे. पण रांगेतला वेळ ही गोष्ट उरली, आणि ज्याची टंचाई असते ती विकायला कोणीतरी बसतोच. झटपट दर्शन घडवतो म्हणून पैसे घेतल्याच्या तक्रारी पंढरपुरातही पुन्हा झाल्या. शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे घेतल्याचे प्रकरण जुलै २०२५ मध्ये विधानसभेत गाजले. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या राममंदिराचा प्रसाद म्हणून साधी मिठाई इंटरनेटवर विकली जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका बड्या कंपनीला नोटीस काढावी लागली. इथे ना बडवा आहे, ना उपाध्याय. दूर बसलेला भाविक आणि देव यांच्यामधली जागा मात्र तीच आहे, आणि त्या जागेवर ज्याला कोणी विचारणारे नाही असा माणूस बसला आहे.

पंढरपूरचा धडा एवढाच, की ही लूट माणसे बदलून थांबत नाही. देवापुढच्या पैशावर कोणाचा व्यक्तिगत हक्क आहे, तो पैसा कुठे मोजला जातो आणि त्याची पावती मिळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलावी लागतात. म्हणून देवळात दरफलक लावलेला आहे का ते पाहावे. दिलेल्या पैशाची पावती मागावी. संकल्पाचे पाणी हातावर घेण्याआधी दक्षिणा किती ते विचारावे, त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. पावती मागणाऱ्याला पापी ठरवणारा माणूस देवाच्या वतीने बोलत नसतो, एवढे समजून घ्यावे. आणि आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या, वाचता न येणाऱ्या म्हातारीसाठी म्हणून तरी हा प्रश्न मोठ्याने विचारावा. ती विचारू शकत नाही हे समोरच्याला चांगले ठाऊक असते.