मक्याचं जहाज आणि सुकडीची रांग

दौंडहून नगरकडे निघालेल्या गाडीत बसलात की काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर अशी स्टेशनं मागे पडत जातात. आपण मोबाइलमध्ये मान घालून बसलेले असतो. पण ज्या भरावावरून ही गाडी धावते, तो पहिल्यांदा टाकला तो दुष्काळाच्या मजुरांनी. १८७६ ते १८७८ या भीषण दुष्काळात सरकारने उपाशी माणसांना कामावर लावलं आणि १८७८मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला.

त्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्याने मजुरीचा हिशेब ठरवून दिला होता : दिवसभर माती-दगड वाहणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीविरुद्ध चक्क संप केला. उपाशी माणसाने संप करणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आम्ही भीक मागत नाही, काम करतोय, पोटापुरतं द्या.

हा संप लक्षात ठेवा. आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत. आधी इथून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या शेतांत जाऊ.

तिथे मेनोनाइट नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ राहत होता. त्याची मुळं १५२५च्या झुरिकमध्ये सापडतात. नाव पडलं ते मेनो सायमन्स या डच धर्मगुरूवरून. हातात शस्त्र धरायचं नाही, हा यांचा पक्का नेम. त्यांच्या घरोघरी एक गोष्ट सांगतात. १५६९मध्ये डर्क विलेम्स नावाचा माणूस धर्मासाठी झालेल्या कैदेतून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो पार झाला, पण मागून धरायला आलेला माणूस बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे वळला आणि त्याला बाहेर काढलं. डर्क पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला.

अशा लोकांना कुठलंच सरकार फार काळ सहन करत नाही. रशियात स्थायिक झालेल्या मेनोनाइटांची लष्करी सेवेतली सूट १८७०च्या दशकात जायची वेळ आली, तेव्हा सुमारे १८ हजार जण अमेरिका आणि कॅनडात गेले. कॅन्ससच्या माळावर त्यांनी सोबत आणलेला गहू पेरला. या स्थलांतरितांची सोय लावणाऱ्यांत डेव्हिड गोर्झ हा रशियात जन्मलेला शिक्षक होता.

१८९६-९७मध्ये भारतात पुन्हा दुष्काळ पडला. इंडियानातल्या एल्कहार्ट गावात मेनोनाइटांनी १८९७मध्ये मदत समिती काढली आणि जॉर्ज लँबर्ट भारतात आले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहून काढलं. १८९९मध्ये तिसरा दुष्काळ. मे १९००मध्ये 'क्विटो' नावाचं जहाज न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघालं. 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाच्या वाचकांनी जमवलेला दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन मका त्यात होता. त्याच वर्षी कॅन्ससच्या मेनोनाइट शेतकऱ्यांनीही मदत गोळा केली आणि गोर्झ भारतात आले. अमेरिकेतून येणाऱ्या मदतीच्या वाटपात आपल्या नगरचे एक मिशनरी पुढे होते : अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम. ते मेनोनाइट नव्हते, पण काम तेच होतं. १९०१मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं.

मेनोनाइटांनी मात्र आपलं बस्तान बसवलं ते धमतरी आणि चांपा इथे. आज ही गावं छत्तीसगडमध्ये आहेत. तेव्हा ती मध्य प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. १८९९मध्ये धमतरीला पहिले मिशनरी आले. त्यांना लगेच अनाथ मुलांना सांभाळावं लागलं. पुढे शाळा, दवाखाने आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभे राहिले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या जखमा या लोकांनी धुतल्या. हे काम खरं आहे आणि ते मान्य करायला हवं.

पण इतिहास वाचताना दोन प्रश्न बाजूला ठेवता येत नाहीत.

पहिला प्रश्न धर्माचा. आईबाप गेलेलं पोर मिशनच्या अनाथाश्रमात वाढलं की बहुतेक वेळा ख्रिस्ती होत असे. त्याने निवड केली, असं म्हणायचं का? भुकेल्याला दिलेली भाकरी आणि धर्म एकाच हातातून आले, तर घेणाऱ्याला मोकळेपणाने नाही म्हणता येतं का? त्या काळातही यावर वाद पेटले होते. पण आपल्याकडच्या सवर्ण समाजानेही या पोरांसाठी किती दारं उघडली, हे विचारल्याशिवाय तो वाद पुरा होत नाही.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. १९००च्या उन्हाळ्यात दुष्काळी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली होती. टेंपलच्या हिशेबाने माणशी रोज एक पौंड धरला, तर क्विटोवरचा सगळा मका त्यांना दोन दिवसही पुरला नसता. दानाची दानत मोठी होती, पण दुष्काळ त्याहून कितीतरी मोठा होता. जहाजाने माणसं वाचतात. भूक मात्र जहाजाने संपत नाही.

हे मेनोनाइटांनाही लवकरच कळलं, आणि तेही स्वतःच्या अंगावर आल्यावर. पहिलं महायुद्ध, क्रांती आणि यादवी यांत युक्रेनमधल्या त्यांच्याच नातेवाइकांची वाताहत झाली. १९२०मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी 'मेनोनाइट सेंट्रल कमिटी' स्थापन केली. मदत घेऊन गेलेला क्लेटन क्रॅट्झ हा तरुण त्याच वर्षी तिथे बेपत्ता झाला. तो परत आलाच नाही. १९२२मध्ये या संस्थेची स्वयंपाकघरं रोज हजारो लोकांना जेवू घालू लागली. पण संस्था तिथेच थांबली नाही. शेतकऱ्यांची घोडी गेली होती, नांगरायचं कशाने? म्हणून तिने ५० फोर्डसन ट्रॅक्टर जहाजाने पाठवले. आज जेवण, आणि पुढच्या हंगामाला पेरणी. पुढे १९४२मध्ये हीच संस्था भारतात आली आणि बंगालच्या दुष्काळात काम केलं.

आता त्या संपाकडे परत येऊ.

आपल्याकडे भुकेच्या प्रश्नावर एक दुसरी वाट तयार होत होती. १८९६-९७च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेची माणसं खेड्यापाड्यांत फिरली आणि सरकारच्याच दुष्काळ कायद्यात काय लिहिलंय ते शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगू लागली. लोकमान्य टिळक सांगत होते, पीक बुडालंय तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका. सरकारला हे इतकं झोंबलं की १८९७मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

मग १९७२ उजाडलं. श्रीगोंद्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती सुकडीचं नाव काढेल, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं नाव काढेल. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे हात मे १९७३मध्ये राज्यभरात ५० लाखांच्या आसपास होते. मदत तेव्हाही बाहेरून आली. पण यावेळी त्यातून एक कायदा निघाला. १९७७मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमी कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि ते हक्क म्हणून. १८७७च्या संपकऱ्यांनी जे मागितलं होतं, त्याला कायद्याचे शब्द मिळायला शंभर वर्षं लागली. २००५चा देशव्यापी रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

मग दान नको, हक्कच हवा, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. कायदा हलायला वेळ लागतो, आणि पोट तेवढं थांबत नाही. १९००मध्ये धमतरीच्या रस्त्यावर पडलेल्या पोराला कायदा उचलणार नव्हता. कुणीतरी परक्या माणसानेच उचललं. पण त्या परक्याच्या चांगुलपणावर कुठल्याच पोराचं जगणं कायमचं टांगून ठेवता येत नाही.

आज पूर आला, दुष्काळ पडला की तुमच्या फोनवर मदतीच्या लिंका येतात. जरूर पाठवा पैसे. फक्त पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा : ही मदत घेणाऱ्याकडून बदल्यात काही मागते का, जेवण संपल्यावर पेरणीचं काही बघते का, आणि त्या माणसाला सरकारकडून हक्काने मिळायला हवं होतं ते का मिळालं नाही, हे कुणी विचारतंय का.

आणि पुढच्या वेळी श्रीगोंदा रोडवर गाडी थांबली, तर खाली भरावाकडे बघा. एक पौंड धान्य आणि एका आण्यावर राबलेल्या लोकांच्या हातची ती माती आहे.