पत्रा, मेण आणि मोर्चा

१९६८ साली पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. कृष्णा रेड्डी तेव्हा तिथंच राहत होता. चित्तूर जिल्ह्यातला, शांतिनिकेतनात शिकलेला माणूस. त्या गर्दीचं त्यानं रंगीत एचिंग केलं, नाव 'निदर्शक'.

एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं ओरखडायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा. मेण निघालं तिथं तेजाब पत्रा खातं. खाचेत शाई भरून वर कागद दाबायचा. मित्रांनो, आपण तरी दुसरं काय करतो? मेणकागदावर लेखणीनं ओरखडतो नि शाईचा रूळ फिरवतो.

पूर्वी बहुधा दर रंगाला वेगळा पत्रा लागे. हेटरच्या 'आतेलिए १७' या कार्यशाळेत रेड्डी आणि मुंबईचा कैको मोती यांनी एकाच पत्र्यावर सगळे रंग घ्यायची रीत बसवली. पत्रा कमीजास्त खोल कोरायचा. कडक रूळ वरच्यावर रंग लावतो, मऊ रूळ खड्ड्यात उतरतो. रंगात तेल कमीजास्त ठेवलं की एक दुसऱ्यात कालवत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१६ साली हेटर, रेड्डी आणि झरीना हाश्मी यांचे छाप मांडले. चांगलं केलं. पण आपल्या मोर्चाचं काय?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. आपला जिल्हा झाला १९८१ ला. नामविस्तार थेट १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात पत्रकं किती निघाली! मीही रात्ररात्र स्टेन्सिलं कापली. सभा संपली की कागद पायाखाली.

नागपूरचा सवी सावरकर बडोद्याला छापकाम शिकला. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं. सवीनं ते पत्र्यावर कोरलं. खरं सांगू? रेड्डीच्या सगळ्या रंगांपेक्षा मला ही तेजाबानं खाल्लेली रेघ जवळची वाटते.

तेव्हा अंबड, परतूर, मंठा, भोकरदनच्या पोरांनो, घरातल्या थोरांना विचारा. माळ्यावर नामांतराची पत्रकं असतील तर वाळवी लागायच्या आत काढा. दोन असतील तर एक आमच्याकडं द्या. मागं गावाचं नाव, साल पेन्सिलीनं लिहा. एचिंगवालेही सही पेन्सिलीनंच करतात.