पोपटांच्या संरक्षणविषयक कायद्यांची वाटचाल : आंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
कल्याण-कसारा लोहमार्गावरील आंबिवली हे नगर व वनप्रदेश यांच्या सीमेवरील ठिकाण होय. महाराष्ट्रात आढळणारे कीर, करण व तोइया हे पोपट, तसेच केवळ पश्चिम घाटात आढळणारा निळ्या पंखांचा पोपट, हे सर्व झाडांच्या ढोलीत घरटे करतात. या पक्ष्यांना कायद्याने दिलेल्या संरक्षणाच्या वाटचालीचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

विवेचन :
१८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या हंगामात, नुकत्याच मारलेल्या वा पकडलेल्या पक्ष्यांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचे अधिकार दिले. १९१२ च्या कायद्याची अनुसूची प्रामुख्याने शिकारीचे पक्षी आणि पिसांसाठी मारले जाणारे बगळे, खंड्या, नीलपंख यांच्यापुरती होती. पोपटाला तीत स्थान नव्हते. कारण स्पष्ट आहे. पोपटाला बंदुकीपेक्षा पिंजऱ्याचे भय अधिक होते आणि तत्कालीन कायद्याची दृष्टी मुख्यतः शिकारीवर होती.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला. परंतु देशी वन्यपक्ष्यांच्या व्यापाराचा मार्ग १९९१ च्या दुरुस्तीनंतरच खऱ्या अर्थाने बंद झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या या रचनेत, पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेला कीर पोपट दुसऱ्या अनुसूचीत आला. त्यामुळे घरातील पिंजऱ्यात तो बाळगणे हाही गुन्हाच ठरतो.

तथापि पक्ष्याचे संरक्षण म्हणजे ढोलीचे संरक्षण नव्हे. पिल्ले काढण्यासाठी ढोली फोडली, अथवा रस्तारुंदीकरणात जुने झाड गेले, तर पुढील अनेक वर्षांची वीण खुंटते. कारण पोपट बहुधा सुतार, तांबट यांनी कोरलेल्या वा नैसर्गिक पोकळ्यांवरच अवलंबून असतात. या दृष्टीने महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायदा महत्त्वाचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना 'वारसा वृक्ष' हा दर्जा दिला.

निष्कर्ष :
शिकार, व्यापार आणि अधिवास अशा तीन टप्प्यांनी संरक्षणाची कल्पना विस्तारत गेली. तिसरा टप्पा अद्याप अपुरा आहे. आंबिवलीसारख्या महानगरपालिका क्षेत्रात वृक्षगणनेच्या वेळी वृक्षाच्या वयाबरोबर ढोलींचीही नोंद झाल्यास पक्ष्यांचा व वृक्षांचा हे दोन्ही कायदे परस्परांना पूरक ठरतील. अन्यथा पिंजऱ्यातून मुक्त झालेल्या पोपटास परतण्यासाठी ढोलीच उरणार नाही.