शब्दांधतेपासून अध्ययन अक्षमतेपर्यंत : डिस्लेक्सियाच्या चाचणीचा इतिहास

डोळे आणि कान चांगले असताना, शाळेत नियमित जात असताना आणि शिकवणेही नीट होत असताना एखाद्या मुलाला अक्षरे, शब्द आणि शुद्धलेखन यांत सतत अडचण येत राहते, तेव्हा त्या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. ती चेहऱ्यावर दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि एक्स-रेमध्येही उमटत नाही. मुलाकडून वाचून घेणे, लिहून घेणे, त्याला ऐकवणे आणि प्रश्न विचारणे एवढाच तिच्या निदानाचा मार्ग आहे. म्हणून डिस्लेक्सियाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात चाचण्यांचा इतिहास आहे. चाचणीत काय विचारले जाते यावर कोणाला मदत मिळणार आणि कोण ‘ढ’ ठरणार हे दीडशे वर्षे अवलंबून राहिले आहे.

या अभ्यासाची सुरुवात मुलांपासून झाली नाही. मेंदूला इजा झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी काहींची दृष्टी आणि बोलणे शाबूत असते, पण छापील शब्द त्यांना वाचता येत नाहीत, हे जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी 1877 मध्ये नोंदवले आणि या अवस्थेला ‘शब्दांधता’ असे नाव दिले. श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांनी 1887 च्या आपल्या पुस्तिकेत अशाच रुग्णांसाठी ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा वापरली. पॅरिसमध्ये ज्यूल देजरीन यांनी 1892 मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला लिहिता येत होते, पण स्वतः लिहिलेलेही वाचता येत नव्हते. मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात मागच्या बाजूला इजा आढळली. वाचन हे डोळ्यांइतकेच मेंदूचेही काम आहे, हे यातून स्पष्ट झाले.

मुलांकडे लक्ष वेधले ते 1896 मध्ये. इंग्लंडमधील सीफर्डचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी एक छोटा लेख लिहिला. पर्सी खेळात चपळ आणि बोलण्यात हुशार होता. सात वर्षांचा असल्यापासून तो शाळेत किंवा खासगी शिक्षकांकडे शिकत होता, तरी त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई. अंक मात्र तो सहज वाची आणि गणितेही सोडवी. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवले. पर्सीच्या डोक्याला कोणतीही इजा झालेली नव्हती, म्हणून ही अवस्था जन्मजात असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शलवुड यांनी हा धागा पुढे नेला. जन्मजात शब्दांधतेवरील त्यांचे पुस्तक 1917 मध्ये प्रसिद्ध झाले. ही अडचण एकाच कुटुंबातील अनेकांत आढळते आणि अशा मुलांना एकेकट्याने शिकवल्यास ती वाचू लागतात, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सगळे त्याच काळात पुढे यावे यामागे कारण होते. इंग्लंडमध्ये 1880 पासून आणि फ्रान्समध्ये 1882 पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्याआधी वाचता न येणारे मूल शेतात किंवा कारखान्यात कामाला लागे आणि त्याची अडचण कोणाच्या नजरेत येत नसे. आता ते मूल रोज वर्गात बसू लागले. तरीही डॉक्टरांपर्यंत पोहोचत ती बहुधा सुस्थितीतल्या घरांतली मुले. गरिबांच्या मुलांवर मंदबुद्धीचा शिक्का बसे.

सक्तीच्या शिक्षणातूनच दुसरे साधन जन्माला आले. वर्गात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि तेओडोर सिमों यांनी 1905 मध्ये बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य चाचणी तयार केली. ती लवकरच देशोदेशी पोहोचली. भारतात व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात या चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले, ते ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून ओळखले जाते. पुढे नागपूरच्या आर्थर मालिन यांनी अमेरिकेतील वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीला भारतीय रूप दिले. तीच भारतीय रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ‘मालिन चाचणी’. या चाचण्यांमुळे वाचता न येणारे प्रत्येक मूल मंदबुद्धी नसते हे आकड्यांत दाखवता येऊ लागले. पण बुद्ध्यंक हाच मदतीचा दरवाजा ठरू लागला, आणि त्या दरवाजातून पुढे बरीच मुले परत पाठवली गेली.

अमेरिकेत आयोवा राज्यातील मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी 1920 च्या दशकात गावोगावी फिरते चिकित्सालय नेऊन शाळांतील मुले तपासली. तेव्हाच्या बुद्धिमापन चाचण्या वाचनाची अडचण असलेल्या मुलांना न्याय देत नाहीत, हे त्यांनी 1925 मधील लेखात मांडले. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांपैकी एकाचे वर्चस्व पक्के न झाल्याने अक्षरे उलटी दिसतात, ही त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. शिकवण्याची पद्धत मात्र टिकली. अक्षर पाहणे, त्याचा ध्वनी ऐकणे, तो उच्चारणे आणि हाताने गिरवणे ही चारही कामे एकत्र करायची आणि सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जायचे, असे तिचे सूत्र आहे. ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी तिला शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेचे रूप दिले. आजचे विशेष शिक्षकही याच सूत्रावर काम करतात.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर पुढाकार घेतला तो पालक, स्वयंसेवी संस्था आणि काही मानसशास्त्रज्ञांनी. लंडनमध्ये 1962 मध्ये ‘वर्ड ब्लाइंड सेंटर’ स्थापन झाले. तेथे मुलांची तपासणी, शिकवणी आणि संशोधन ही तिन्ही कामे एका छपराखाली चालत. केंद्राच्या संचालिका संध्या नायडू यांनी तेथील मुलांच्या अभ्यासावर आधारित पुस्तक 1972 मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ‘ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन’ची स्थापना झाली. वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे टिम माइल्स यांनी अनेक वर्षे मुलांना तपासून ‘बँगोर डिस्लेक्सिया चाचणी’ तयार केली. तिच्यात पुस्तक वाचायला देत नाहीत. डावे-उजवे ओळखणे, लांब शब्द ऐकून पुन्हा उच्चारणे, पाढे म्हणणे, महिने उलट क्रमाने सांगणे, अंकांची मालिका लक्षात ठेवणे अशी छोटी कामे तिच्यात असतात. अडचण वाचनापुरती नसून शब्द आणि क्रम लक्षात ठेवण्यातही असते, हे या चाचणीने दाखवले.

अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी 1963 मध्ये पालकांच्या एका परिषदेत ‘लर्निंग डिसॲबिलिटी’ ही संज्ञा मांडली. मराठीत तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि गणितातील डिसकॅल्क्युलिया या तिन्ही अडचणी तिच्यात येतात. 1975 च्या कायद्याने अशा मुलांना शाळेत मदतीचा हक्क मिळाला. मात्र 1977 च्या नियमांनी त्यासाठी एक अट घातली. मुलाचा बुद्ध्यंक आणि त्याची शैक्षणिक कामगिरी यांत मोठी तफावत दिसली पाहिजे, अशी ती अट होती. ती कागदावर नेटकी असली तरी वर्गात महागात पडली. पहिली-दुसरीतल्या मुलाची तफावत लहान असते आणि ती वाढायला दोन-तीन वर्षे लागतात. मदतीसाठी पात्र ठरायला मुलाला आधी नापास व्हावे लागे. शिवाय बुद्ध्यंक सरासरीपेक्षा थोडा कमी असलेली मुले कायमची बाहेर राहत.

ही अट मोडली ती संशोधनाने. बोलले गेलेले शब्द सुट्या ध्वनींत फोडणे लहान मुलांना किती अवघड जाते, हे इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात दाखवले. ऑक्सफर्डमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची ध्वनी ओळखण्याची क्षमता आधी मोजली आणि पुढची काही वर्षे त्यांच्या वाचनाचा मागोवा घेतला. ज्यांना यमक आणि सारखे ध्वनी ओळखता येत नव्हते, ती मुले पुढे वाचनात मागे पडली. ध्वनी ओळखण्याचा सराव अक्षरांच्या जोडीने दिलेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली झाली. हा अभ्यास 1983 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर लिंडा सीगल यांच्यासारख्या संशोधकांनी, बुद्ध्यंक कमी असो वा जास्त, वाचनाची अडचण मुळात ध्वनींशी निगडित असते, असे दाखवून दिले. अमेरिकेने 2004 मध्ये तफावतीची सक्ती काढून टाकली. ब्रिटनमधील 2009 च्या रोझ अहवालाने डिस्लेक्सिया सर्व बुद्धिपातळ्यांवर आढळतो असे म्हटले आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेतूनही तफावतीचा निकष गेला.

भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 1991 मध्ये अध्ययन अक्षमतेसाठी चाचणीसंच तयार केला. परीक्षांतल्या सवलतींच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र पुढे होता. 1996 मध्ये राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेसाठी सवलती मान्य केल्या. जादा वेळ मिळू लागला, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापणे थांबले, एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभव घेता येऊ लागला आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित निवडता येऊ लागले. त्याच वर्षी मुंबईत ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात तपासणीची एक रीत घट्ट झाली. बालरोगतज्ज्ञ दृष्टी, श्रवण आणि चेतासंस्था तपासतात, मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी घेतात. त्यानंतर प्रमाणपत्र मिळते. 2007 च्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटामुळे हा विषय घराघरांत पोहोचला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षापासून प्रमाणपत्राची सोय केली, पण त्यात बुद्ध्यंकाची अट कायम राहिली.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. सवलतींच्या सुरुवातीच्या काळात चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. इंग्रजीत एका अक्षराचे अनेक उच्चार होतात, म्हणून चुका तिथे ठळक दिसतात. देवनागरीची अडचण वेगळी आहे. तिथे उच्चार बहुतांशी ठरलेला असतो, पण चिन्हांची संख्या मोठी असते. पहिली वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. उकार खाली येतो, मात्रा आणि रफार वर जातात, जोडाक्षरात अक्षर अर्धे होते. त्यामुळे मराठी मूल बऱ्याचदा अचूक वाचते, पण फार सावकाश, आणि काना-मात्रा-वेलांट्यांत व जोडाक्षरांत अडखळते. इंग्रजीच्या मापाने तपासल्यास त्याची अडचण नजरेतून निसटते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘डाली’ या साधनसंचाने 2015 मध्ये ही उणीव भरून काढायला सुरुवात केली. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांतील त्याच्या चाचण्यांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांनी भरायच्या प्राथमिक तपासणीच्या तक्त्यांचाही समावेश आहे.

या इतिहासातून दोन गोष्टी पुढे येतात. संशोधनात बुद्ध्यंकाची मोजमापे मागे पडली आणि ध्वनी व लिपी यांच्या चाचण्या टिकल्या, कारण कोणत्या मुलाला काय शिकवायचे हे त्या सांगतात. आणि चाचणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत झाली तरच ती खरे उत्तर देते. दहावीच्या तोंडावर मिळालेले प्रमाणपत्र परीक्षेपुरते उपयोगी पडते. दुसरीतल्या मुलाची मराठीतून झालेली तपासणी आणि तिच्यामागोमाग मिळालेली नीट शिकवणी त्याला वाचायला शिकवते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मराठी शाळेपर्यंत ही तपासणी पोहोचवणे, हे या क्षेत्रापुढचे पहिले काम आहे.