पंचेचाळीस अंशांची रेघ

डॉलर-रुपयाच्या चार्टवर भाच्याने एका खालच्या टोकावर क्लिक केलं आणि तिथून पंख्यासारख्या नऊ रेघा उघडल्या. "मामा, ही मधली पंचेचाळीस अंशांची. भाव हिच्याखाली उतरला की समजायचं, चाल फिरली." मग त्याने चार्टची खिडकी जरा रुंद केली. भाव तेच, तारखा त्याच, पण रेघ कलंडली. पंचेचाळिसाचे तीसच उरले असतील. ही रेघ मुळात आली कुठून, याच्या मागे मी तेव्हापासून लागलो.

ती आली कापसाच्या शेतातून. विल्यम डेलबर्ट गॅन १८७८ साली टेक्सासमधल्या लफकिनजवळ एका कापूस पिकवणाऱ्या घरात जन्मला. तरुणपणी कापसाच्या वायद्यात पडला आणि १९०३ साली न्यूयॉर्कला गेला. डिसेंबर १९०९च्या 'टिकर अँड इन्व्हेस्टमेंट डायजेस्ट' मासिकात त्याच्यावर लेख आला. बाजाराच्या २५ दिवसांत २८६ सौदे, त्यातले २६४ फायद्यात, आणि हे सगळं मासिकाच्या प्रतिनिधीसमोर. गॅनचं नाव झालं ते या आकड्यांवर. (याच न्यूयॉर्कचे कापसाचे भाव तारेने मुंबईत येत आणि उघडत्या-बंद होत्या भावांवर इथे आकडा लागे. मटक्याचं मूळ तेच.)

गॅनची पद्धत हाताची आणि कष्टाची होती. आलेखाच्या कागदावर आडवा एक चौकोन म्हणजे एक दिवस, उभा एक चौकोन म्हणजे भावाचं एक माप. तळापासून रोज एक चौकोन वर चढणारी रेघ ती 'एकास एक', म्हणजे ४५ अंश. तिच्यावर भाव टिकला तर तेजी भक्कम, खाली गेला तर पुढचा आधार 'दोनास एक', म्हणजे दोन दिवसांत एक चौकोन चढणाऱ्या रेघेचा.

इथे मी कंपास घेऊन थांबलो. दोन चौकोन आडवे आणि एक उभा, असा कोन त्रिकोणमितीने २६.५७ अंश येतो. गॅन लिहितो २६.२५. चारास एकचा खरा कोन १४.०४, तो लिहितो १५. आठास एकचा ७.१३, तो लिहितो ७.५. ढोबळ केलेले आकडे म्हणून सोडून देता आले असते. पण त्याचे नऊच्या नऊ कोन ३.७५च्या पटीत बसतात. ३.७५ म्हणजे ३६० अंशांच्या वर्तुळाचा ९६वा भाग. मला यात फार महत्त्वाची खूण दिसते. त्याने कागदावरचा त्रिकोण मोजलाच नाही, वर्तुळ वाटून घेतलं आणि ते वाटे रेघांना चिकटवले.

आणि ते वर्तुळ आकाशातलं आहे. गॅन ग्रहांचे कोन पाहून बाजाराच्या तारखा काढायचा, हे त्याच्याच लिखाणात आहे. वर्तुळाचे ३६० भाग बाबिलोनच्या खगोलाकडून आले. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ६०, ९०, १२० आणि १८० अंशांवरच्या ग्रहयोगांची फळं सांगितली. आपले ज्योतिषी लाभयोग, केंद्रयोग, नवपंचम आणि प्रतियोग म्हणतात ते हेच कोन. केप्लरने त्यांत ७२, १३५ आणि १४४ची भर घातली. आकाशात कोनाला अर्थ आहे, कारण दोन्ही ग्रह एकाच वर्तुळावर मोजले जातात. गॅनच्या कागदावर एका बाजूला दिवस असतो आणि दुसऱ्या बाजूला पैसा.

चलनांकडे ही रेघ फार उशिरा आली. गॅन १९५५ साली वारला, तेव्हा ब्रेटन वुड्सच्या करारामुळे मुख्य चलनं डॉलरला बांधलेली होती. १९४९ ते १९६६ डॉलरचा भाव ४.७६ रुपये. त्या वर्षांचा चार्ट काढला तर रेघ सपाट, कोन काढायचा कशाचा? १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सनने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, १६ मे १९७२ला शिकागोत चलनांचे वायदे सुरू झाले आणि कापूस-गव्हासाठी काढलेल्या रेघा पौंडावर, येनवर पडू लागल्या. पुढे संगणकाने त्या एका क्लिकवर आणल्या. आपल्याकडे २९ ऑगस्ट २००८ला राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे उघडले आणि गॅनही त्यांच्यासोबत आला.

गॅनने किती कमावलं? अलेक्झांडर एल्डर या ट्रेडर-लेखकाने गॅनच्या मुलाला विचारलं होतं. वडिलांना ट्रेडिंगवर घर चालवता येत नव्हतं, ते अभ्यासक्रम लिहून आणि विकून चालायचं, असं मुलाने सांगितलं. मागे राहिलेली मालमत्ता, घर धरून, लाख डॉलरहून थोडीच जास्त. पहिल्या पगारातून मार्जिन भरणाऱ्या पोरांना मी हे कळकळीने सांगतो, कारण शिकवणीच्या जाहिरातीत २६४ सौदे असतात, मुलाचं बोलणं नसतं.

भाच्यावर मी चिडलो नाही. आलेखाचे तीन कागद आणले आणि त्याच तळापासून त्याच्याकडून तीनदा रेघ काढून घेतली. शाळेत आपण कोपऱ्यात 'प्रमाण' लिहायचो, ते विसरलं की गुण जायचे, तसं प्रत्येक कागदावर लिहायला लावलं: एक चौकोन २ पैसे, ५ पैसे, १० पैसे. तिन्ही रेघा कोनमापकावर बरोब्बर ४५ अंश. विसाव्या दिवशी पहिली तळापासून ४० पैसे वर होती, दुसरी एक रुपया, तिसरी दोन रुपये. दोन रेघांनी दोन वेगळ्या दिवशी 'चाल फिरली' असं सांगितलं, एकीने सांगितलंच नाही.

त्याने बराच वेळ तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग विचारलं, "यातला कुठला घ्यायचा, हे गॅन कसं ठरवायचा?"

"जुन्या तेजी-मंदीवर बसवून बघून," मी म्हणालो.